'पानिपत'नंतर काय वाचू? १७६१ ते १८१८, फक्त कादंबऱ्या सुचवा

सांजवात
विश्वास पाटलांची 'पानिपत' संपली एकदाची. आता हात रिकामे झाल्यासारखं वाटतंय, आणि डोक्यात एक खूळ आलंय. १४ जानेवारी १७६१ पासून सुरू करायचं आणि १८१८ ला पेशवाई बुडेपर्यंत क्रमाने कादंबऱ्या वाचत जायचं, जमेल तितकं सलग. इतिहासाची पुस्तकं नकोत असं नाही, पण रात्री मुलं झोपल्यावर जो काय तासभर मिळतो त्यात सरदेसायांच्या 'मराठी रियासती'चे खंड झेपत नाहीत हो मला.

'श्रीमान योगी', 'छावा', 'मृत्युंजय' वाचून झाल्यात, त्या कृपया परत सुचवू नका (कोणीतरी सुचवणारच, माहितीये). 'स्वामी' कॉलेजात असताना वाचलेली, तेव्हा रडरड रडले होते, आता परत वाचावी की नको ते पण सांगा. आणि एक अट, नायकाचा देव केलेला नको. चुकणारी, घाबरणारी, पैशापायी अडलेली माणसं हवीयेत. 'पानिपत'मध्ये मला लढाईपेक्षा ते उपाशी लष्कर, यात्रेकरूंचं लटांबर, धान्य न मिळणं, हेच जास्त लागलं.

खटपट्या
पानिपतानंतर काय? नानासाहेब पेशव्यांचा मृत्यू, जून १७६१, पर्वती. पुढचा प्रश्न विचारा. (पळतो)

बोरूबहाद्दर
सांजवात, तुमच्या यादीचा कणा एकाच माणसाने लिहून ठेवलाय, ना. सं. इनामदार. बाकी कोणी काहीही सुचवो, तुम्हाला हवा तो सगळा काळ या माणसाने जवळजवळ एकट्याने नांगरलाय, आणि गंमत म्हणजे विषय निवडले ते सगळे बदनाम किंवा हरलेले लोक. त्रिंबकजी डेंगळे, दुसरा बाजीराव, यशवंतराव होळकर, औरंगजेबसुद्धा.

तुम्ही 'शिकस्त'पासून सुरू करा. 'पानिपत'मध्ये भाऊ जिथे गर्दीत दिसेनासा होतो त्याच्या पुढची गोष्ट आहे ती, सदाशिवरावभाऊंची बायको पार्वतीबाई हिची. नवरा मेला हे तिने कधी मान्यच केलं नाही, सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. आणि मग तोतया उपटला! हे प्रकरण इतकं भन्नाट आहे की कोणी रचून लिहिलं असतं तर आपण म्हणलो असतो काहीही काय. मी भाऊ आहे म्हणणारा एक कनोजी ब्राह्मण, तो कैदेत पडतो, सुटतो, कोकणातले किल्ले भराभर त्याला मिळत जातात, चांगली शहाणीसुरती माणसं त्याला मुजरे करायला लागतात, कारण पुण्यात बारभाईंचा, म्हणजे नाना फडणवीस वगैरे कारभाऱ्यांच्या मंडळाचा, कारभार होता आणि तो ज्यांना नको होता त्यांना भाऊ जिवंत असणं सोयीचं होतं. शेवटी आंग्र्यांनी धरला आणि १७७६ च्या अखेरीला पुण्यात मारला. म्हणजे पानिपत होऊन १५ वर्षं झाली होती आणि लोक तरी वाट बघत होते. यात पार्वतीबाईचं काय झालं असेल ते इनामदार लिहितात. तुमची घाबरणारी माणसं भरपूर मिळतील.

कसबापेठी
'शिकस्त'ला +१. पण 'स्वामी' वगळू नका हां. १९६२ ची कादंबरी, १९६४ चा साहित्य अकादमी, आणि अजून दुकानात पुढच्या फळीवर असते, ते उगाच नाही. माधवराव पेशवा, १६ वर्षांचा पोरगा, गादीवर बसतो, बाप पानिपताच्या धक्क्याने गेलेला, काका रघुनाथराव घरातच टपलेला, तिकडे निजाम, खाली हैदर, डोक्यावर कर्ज, आणि तो ११ वर्षांत सगळं सावरून थेऊरला सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने मरतो. यात रडायचं नाही तर कशात रडायचं? आणि आमच्या पिढीला त्याची बायको रमाबाई म्हणलं की दूरदर्शनच्या मालिकेतली मृणालच दिसते, त्याला इलाज नाही.

सांजवात
@कसबापेठी, मालिका आईने दाखवलीये मला नंतर. पण भीती हीच वाटते की आता वाचली तर तेव्हाचं सगळं फिसकटेल.

मिरजमळा
फिसकटेल थोडं, खोटं कशाला बोलू. मी पन्नाशीत परत वाचली. रणजित देसाई संवाद लिहितात ते रंगमंचावर म्हणायला बरे वाटतात, प्रत्येकजण जरा जास्तच खानदानी बोलतो. मोहिमा आहेत, राक्षसभुवन आहे, पण पुस्तक मिटल्यावर मनात उरतं ते थेऊर आणि सतीचा प्रसंग. माधवरावाचं खरं काम, म्हणजे हिशेब लावणं, मामलेदारांना वेठीला धरणं, काकाशी तहावर तह करून शेवटी १७६८ ला धोडपला त्याला पकडून आणणं, हे कादंबरीत मागे पडतं कारण त्यात डोळ्यात पाणी येण्यासारखं काही नाही. पण तरी वाचा. रघुनाथराव त्यात जसा उतरलाय, प्रेमळ आणि हलका आणि धोकादायक असा एकाच वेळी, तो विसरता येत नाही.

आणि एक करा, 'स्वामी' वाचताना शेजारी वासुदेवशास्त्री खऱ्यांचा 'ऐतिहासिक लेखसंग्रह' ठेवा, त्यातली हवी ती पत्रं चाळा फक्त, सगळी नको. शास्त्रीबुवा आमच्या मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवायचे आणि बाकी वेळ पटवर्धन सरदारांच्या दफ्तरात डोकं घालून बसायचे. छावणीतून घरी लिहिलेली पत्रं आहेत, अमक्याचा घोडा मेला, तमक्याला जुलाब, पैसे पाठवा, निजामाचा तळ इथे पडला. कादंबरीकारांनी तिथूनच उचललंय पुष्कळ, आणि मला विचाराल तर मूळ पत्रं जास्त चटकदार आहेत.

इंदूरी_पोहे
नमस्कार मंडळी, इंदूरहून. इथे अजून इनामदारांची 'झुंज' कशी काय आली नाही याचं आश्चर्य वाटलं, बोरूबहाद्दरनी नाव घेऊन सोडून दिलंय. ताई, तुमची अट देव नको ना, मग यशवंतराव होळकर घ्या. तुकोजीरावांचा दासीपुत्र, म्हणजे हक्क काही नाही. १७९७ ला पुण्यात शिंद्यांनी भाऊ मल्हाररावाला मारलं, हा निसटला, नागपूरकर भोसल्यांकडे आसरा मागायला गेला तर त्यांनी कैदेत टाकला, तिथून पळाला, भिल्ल, पेंढारी, अमीरखानाचे पठाण असं जे मिळेल ते गोळा करून फौज उभी केली. १८०१ ला दुसरा भाऊ विठोजी, त्याला बाजीरावाने शनिवारवाड्यापुढे हत्तीच्या पायी दिला. तिथून पुढे या माणसाचं जे सुरू होतं ते वाचताना झोप येत नाही. १८०२ च्या दिवाळीत हडपसरला शिंदे आणि पेशवे दोघांच्या फौजा एकत्र असताना मोडल्या त्याने! पेशवा पळाला तो थेट इंग्रजांच्या पदरात, ३१ डिसेंबरला वसईचा तह. मग १८०४ ला कर्नल मॉन्सनची फौज कोट्याकडून आग्र्यापर्यंत पळवत नेली पावसाळ्यात.

आणि शेवट? भानपुऱ्याला तोफा ओतत बसला, दारूच्या आहारी, डोकं फिरलं, १८११ ला गेला. पुण्याकडच्या पुस्तकात तो पुणं लुटणारा म्हणून दोन ओळीत येतो, आमच्याकडे त्याची छत्री आहे. इनामदारांनी दोन्ही बाजू ठेवल्यात, लूट पण आहे, त्याची जिद्द पण आहे. आमच्या घरी आजोबा ही कादंबरी मोठ्यांदा वाचायचे, मॉन्सनची पळापळ आली की चहा थांबायचा.

कसबापेठी
पुणं लुटलं हे दोन ओळीत संपवायचं की काय मग? सावकारांना घरात कोंडून वसुली केली, चटके दिले, हे काय देशभक्तीत धरायचं?

इंदूरी_पोहे
नका धरू. मी कुठे म्हणतोय. आधी शहराला हात लावायचा नाही म्हणून चौक्या बसवल्या त्याने, बाजीराव परत येईना तेव्हा फौजेचा पगार द्यायला वसुली सुरू झाली. वाईटच ते. पण विठोजीला हत्तीखाली घालताना गच्चीतून बघत बसणारा पेशवा कुठल्या खात्यात धरायचा ते पण सांगा.

खटपट्या
आला आला, दुसरा बाजीराव आला. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बोरूबहाद्दर
आलाच आहे तर 'मंत्रावेगळा' घ्या. सांजवात, ही वाचताना तुम्हाला राग येईल आणि यायलाच पाहिजे. आपण शाळेत शिकलो पळपुटा बाजीराव, बाईलवेडा, सोवळ्याओवळ्यात बुडालेला. इनामदार विचारतात, हे कोणी लिहून ठेवलं? पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन आणि त्याच्या मंडळींनी, म्हणजे ज्यांनी त्याचं राज्य घेतलं त्यांनी. हा मुलगा १७७५ चा, बाप राघोबा (तोच 'स्वामी'तला रघुनाथराव), म्हणजे जन्मल्यापासून संशयितच. नाना फडणविसांनी या भावंडांना नजरकैदेत वाढवलं, शिवनेरीवर होते शेवटी. असा मुलगा एकदम उचलून गादीवर बसवला, एका बाजूला दौलतराव शिंदे, एका बाजूला नाना, तिजोरीत खडखडाट. तो कोणावर विश्वास ठेवणार होता?

मिरजमळा
हे मान्य. पण बोरूबहाद्दर, वकिलाने अशिलाची बाजू मांडावी तशी ती कादंबरी आहे हे पण सांगा ना. मामलती मक्त्याने द्यायला लागला तो कोणामुळे? जो जास्त बोली लावील त्याला महाल, मग तो रयतेला पिळणारच. आणि आमच्या पटवर्धनांच्या मागे हात धुऊन लागला होता, जुने सरदार एकेक दुखावले, आणि १८१७ ला जेव्हा खरोखरच लढायची वेळ आली तेव्हा मनापासून उभा राहिला तो बापू गोखले, तोही आष्टीला पडला फेब्रुवारी १८१८ मध्ये. बालपण वाईट होतं म्हणून राज्य घालवणं माफ होत नाही.

बोरूबहाद्दर
माफ करा कोण म्हणतंय काका. माझं म्हणणं इतकंच की कादंबरीने एवढं तरी करावं की शाळेत डोक्यात बसलेलं चित्र हलवावं. ती हलवते. तुम्ही तिच्याशी भांडताय तेच तिचं यश आहे, 'स्वामी'शी कोणी भांडत नाही.

मिरजमळा
हे मात्र खरं.

ठाणेवैभवी
मध्येच तोंड घालते. 'झेप' राहिली की! इनामदारांची पहिली ऐतिहासिक, १९६३. त्रिंबकजी डेंगळे. १८१५ ला पंढरपुरात बडोद्याचा वकील गंगाधरशास्त्री याचा खून झाला, इंग्रजांनी खापर त्रिंबकजीवर फोडलं, बाजीरावाला धमकावून त्याला ताब्यात घेतला आणि आमच्या ठाण्याच्या किल्ल्यात ठेवला. आत्ताचा मध्यवर्ती तुरुंग आहे ना, तोच किल्ला. पहाऱ्यावर सगळे गोरे सोल्जर मुद्दाम ठेवलेले, म्हणजे कोणी फितूर होऊ नये. तर एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता भिंतीखाली मराठीत गाणं म्हणायचा आणि त्या गाण्यातून निरोप आत जायचा, गोऱ्यांना कळायला मार्ग नाही. १८१६ ला त्रिंबकजी पसार. नंतर पकडून चुनारगडावर नेऊन ठेवला, तिथे बिशप हेबर त्याला भेटला होता आणि ही गाण्याची गोष्ट हेबरनेच प्रवासवर्णनात टिपून ठेवलीये. मी रोज त्या भिंतीवरून ऑफिसला जाते आणि शेजारी बसलेल्याला सांगावंसं वाटतं.

सांजवात, क्रमाने वाचायचं तर 'झुंज', 'मंत्रावेगळा', 'झेप' यांचा काळ एकमेकात घुसतो, त्यामुळे एकच माणूस एकीकडे खलनायक आणि दुसरीकडे नायक असं होतं. एकाच लेखकाने हे केलंय हे लक्षात ठेवून वाचा, खूप मजा येते.

हौशी_वाचक_७७
सर्वांत उत्तम कादंबरी श्रीमान योगी. प्रत्येकाने वाचलीच पाहिजे. जय शिवराय.

खटपट्या
धागा पूर्ण झाला, आता नियमानुसार लॉक करायला हरकत नाही.

सांजवात
😂 जय शिवराय. वाट बघतच होते.

मिरजमळा
हसू नका, एका कारणासाठी सुचवणी बरोबर आहे. नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना. कादंबरी वाचली असेल पण ती पत्ररूप प्रस्तावना बरेच जण उलटून पुढे जातात. थोर माणसावर कादंबरी लिहिताना काय अडतं, पुराव्यातून दिसणारा माणूस आणि लोकांच्या मनातला माणूस यांचं काय करायचं, हे एवढं नीट मराठीत फार थोड्यांनी मांडलंय. सांजवात, तुमच्याकडे प्रत असेलच, तेवढी पानं आज रात्रीच्या तासात वाचा आणि मग पुढचं सगळं वाचायला घ्या.

वऱ्हाडी_ठेचा
राजेहो, इतके लोक जमले आन् नंदा खऱ्यांचं नाव कोणीच काहून घेत नाही? मी नागपूरचा, नोकरीमुळे सध्या कलकत्त्यात. 'अंताजीची बखर' वाचली ती इथे आल्यावर, आणि इथे वाचली म्हणून जास्त झोंबली.

पहिला भाग तुमच्या १७६१ च्या आधीचा आहे, ते चालवून घ्या. अंताजी हा कोणी सरदार बिरदार नाही, साधा, डोकेबाज, जीव वाचवून असणारा, हेरगिरीत शिरलेला माणूस, आणि तो स्वतःच आपली बखर सांगतो. भाषा बखरीच्या थाटाची, पण आतून इतकी मिश्कील की थोरामोठ्यांच्या अंगावरचे शेले घसरतात. त्यात आमच्या नागपूरकर भोसल्यांच्या बंगालच्या स्वाऱ्या आहेत. आपण शाळेत काय शिकलो, मराठ्यांनी बंगालपर्यंत धडक मारली. बस, मूठ आवळायची. इथे माझ्या ऑफिसातली बंगाली बाई मला अंगाईगीत म्हणून दाखवते, पोरगं झोपलं, गल्ली निजली, बर्गी आले देशात, आता सारा कशाने भरू. बर्गी म्हणजे आपणच हो! आपले बारगीर. तेव्हा भिऊन कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणला, त्याला मराठा डिचच म्हणायचे. गंगाराम नावाच्या कवीचं 'महाराष्ट्र पुराण' आहे बंगालीत, त्यात गावं जाळल्याची वर्णनं वाचवत नाहीत.

दहा वर्षं चाललं ते सगळं, भास्करपंताला अलिवर्दीखानाने भेटीला बोलावून दगा करून मारला, शेवटी १७५१ ला तह झाला, ओरिसा आणि वर्षाला १२ लाख चौथाई. मराठीत यावर कादंबरी लिहायची तर दोनच वाटा, एक तर छाती फुगवायची नाहीतर शरमेनं मान घालायची. खऱ्यांनी दोन्ही नाही केलं, मधल्यामध्ये अडकलेला माणूस पकडला. पुढचा भाग 'बखर अंतकाळाची', तो मराठेशाहीच्या शेवटाकडे नेतो, तो तुमच्या यादीत नक्की घ्या. उपाशी लष्कर, पैसा, तोफा, माल कुठून येतो, राज्य कशाने चालतं आणि कशाने बुडतं, हे त्यांच्याइतकं कोणाला सुचत नाही, माणूस इंजिनीअर होता.

सांजवात
@वऱ्हाडी_ठेचा, हे अगदी मला हवं तेच. बर्गीचं गाणं वाचून काटा आला. पण भाषा जड आहे का? बखरीच्या थाटाची म्हणालात म्हणून विचारते.

वऱ्हाडी_ठेचा
पहिली पन्नासेक पानं दमानं घ्या. मग त्याच्यासारखंच बोलायला लागता तुम्ही. बायको वैतागली होती माझी.

कसबापेठी
भांडणं बाजूला ठेवून एक खराच प्रश्न. १७७२ ते १७९५ चं काय? माधवराव गेले, १७७३ ला नारायणरावाचा खून, बारभाई, वडगावची लढाई, सालबाईचा तह, खर्ड्याची लढाई, सवाई माधवरावाचा तो मृत्यू. केवढा नाट्यमय काळ, आणि इथे कोणालाच कादंबरी सुचत नाहीये?

बोरूबहाद्दर
तिथे नाटक आहे ना, 'घाशीराम कोतवाल'. आणि त्याच नावाचं गद्य पुस्तक त्याच्याही आधी, १८६३ सालचं, मोरोबा कान्होबांचं. पण तुम्ही म्हणता तशी मोठी, सगळ्यांनी वाचलेली कादंबरी त्या काळावर नाही हे खरं. मला वाटतं कारण सरळ आहे. कादंबरीकाराला तरुणपणी मरणारा नायक लागतो, घोडा लागतो, विरहात झुरणारी बायको लागते. नाना फडणवीस घोड्यावर बसवून दाखवता येत नाही. तो लिहितो, वाचतो, हेर पेरतो, पैसे साठवतो, आणि २५ वर्षं राज्य टिकवतो. हे कोण वाचणार अशी प्रकाशकाला धाकधूक.

मिरजमळा
म्हणूनच तर लिहायला पाहिजे कोणीतरी. नानांनी स्वतः छोटंसं आत्मचरित्र लिहून ठेवलंय, त्यात पानिपतावरून आपण कसे जीव घेऊन पळालो, अंगावर कपडा धड नाही, हे सगळं न लपवता सांगितलंय. पुढे ज्याच्या नावाने इंग्रज रेसिडेंट टरकायचे तो माणूस स्वतःची भीती कबूल करतो, एवढं एकच पान कादंबरीला पुरे होतं. सांजवात, ते आत्मचरित्र फारच छोटं आहे, 'पानिपत' ताजी असतानाच वाचा.

ठाणेवैभवी
आणि महादजी शिंदे? पानिपतात पाय कायमचा जायबंदी झालेला, तिथून राणेखान नावाच्या भिस्त्याने बैलावर घालून आणला म्हणतात, पुढे त्याच राणेखानाला महादजीने भाऊ मानून सरदार केला आणि तो दिल्लीपर्यंत फौजा घेऊन गेला. मला महादजीपेक्षा राणेखानावर कादंबरी वाचायचीये. कोणी लिहितंय का रे इथे? नुसते धागे काढता.

खटपट्या
मी लिहितो. पहिलं वाक्य तयार आहे, "बैल दमला होता." पुढचं सुचलं की टाकतो.

इंदूरी_पोहे
याच मधल्या काळासाठी अजून एक, विजया जहागीरदारांची 'कर्मयोगिनी', अहिल्याबाईंवर. आता तुमची देव नको ही अट इथे थोडी सैल करावी लागेल, कारण अहिल्याबाईंना आमच्याकडे देवीच म्हणतात आणि पुस्तकाचा सूरही भक्तीचाच आहे. पण कुंभेरीला नवरा खंडेराव पडले १७५४ ला, १७६६ ला सासरे मल्हारराव गेले, मग मुलगा मालेराव, आणि राघोबादादा दौलत घशात घालायला आले तेव्हा या बाईने जे पत्रोपत्री डाव टाकले ते बघा. तिकडे 'स्वामी'तला राघोबा, इकडे हा राघोबा. १७९५ पर्यंत बाई होत्या, म्हणजे कसबापेठी म्हणतात ती फट बरीचशी भरते, फक्त पुण्याऐवजी महेश्वरहून.

परदेशस्थ_पुरणपोळी
न्यू जर्सीहून वाचतेय, सगळा धागा सेव्ह केलाय. आमच्यासारख्यांना पुस्तकं मागवणं म्हणजे पुस्तकापेक्षा टपाल महाग. ईबुक किंवा ऑनलाइन फुकट असं काही आहे का जुन्यातलं?

बोरूबहाद्दर
आहे ना ताई. हरिभाऊ आपटे १९१९ ला गेले, त्यांचं सगळं आता कॉपीराइटमुक्त, स्कॅन सहज सापडतात. 'उषःकाल' शिवकालीन, 'वज्राघात' विजयनगर बुडाल्याची, ती माझी आवडती. वाक्यं लांब, 'प्रिय वाचकहो' चालू असतं, पण प्रसंग बांधण्यात तो माणूस उस्ताद. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी 'मोचनगड', गुंजीकरांची, १८७१, ती पण मिळते, पण ती कुतूहल म्हणून वाचा. आणि या धाग्याशी जमणारी म्हणजे चिं. वि. वैद्यांची 'दुर्दैवी रंगू', पानिपतच्याच पार्श्वभूमीवरची. वैद्य म्हणजे ज्यांनी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ ला छापला ते.

परदेशस्थ_पुरणपोळी
'माझा प्रवास' वाचलंय! वरसईचा भटजी दक्षिणेच्या आशेने उत्तरेला जातो आणि नेमका सत्तावनच्या बंडात सापडतो. ती कादंबरी नाही हे सांगूनही आमच्या इथल्या वाचन कट्ट्यात अर्ध्या जणांना खरं वाटेना. वेढा पडलेल्या झाशीत पाणी मिळत नाही ते वर्णन फार भयंकर आहे.

मिरजमळा
तेच तर. सांजवात, १८१८ ला थांबू नका मग, बाजीराव ब्रह्मावर्ताला (बिठूरला) ८ लाखांची पेन्शन खात १८५१ पर्यंत जगला, नानासाहेब त्याचाच दत्तक. गोडसे भटजी तुम्हाला थेट तिथे घेऊन जातात.

कसबापेठी
एकच विनंती सगळ्यांना. कादंबरी वाचून कुठल्याही ग्रुपवर इतिहास म्हणून फॉरवर्ड करू नका. इनामदारांच्याच 'राऊ'वरून, पहिल्या बाजीरावावर, सिनेमा आला तेव्हा पंधरा दिवस मला नातेवाईक विचारत होते काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या का. 'पानिपत'सोबत शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' वाचा, कादंबरीतला भाऊ हट्टी आणि गर्विष्ठ का नाही याची मुळं तिथे सापडतील. शेजवलकर स्वतः रणभूमी पायाखाली घालून आलेले, नकाशांसकट लिहिलंय.

खटपट्या
नाचल्या का पण?

कसबापेठी
तू गप रे.

सांजवात
केवढं दिलंत सगळ्यांनी! तर आत्ताचा बेत असा. कुरुंदकरांची प्रस्तावना काल रात्री वाचली, मिरजमळा काका, धन्यवाद, मी पण तेव्हा उलटूनच पुढे गेले होते. 'शिकस्त' लायब्ररीत आहे म्हणाले, शनिवारी आणते. नानांचं आत्मचरित्र मोबाईलवर उतरवलंय. 'स्वामी' आत्ता नको, 'कर्मयोगिनी' झाल्यावर बघू, दोन राघोबा जवळजवळ ठेवून. मग 'झुंज' आणि 'मंत्रावेगळा' पाठोपाठ म्हणजे इंदूरवाले आणि कसब्यातले दोघांशी भांडता येईल. 'अंताजी' मात्र मी विकतच घेणार, लायब्ररीचं पुस्तक इतक्या सावकाश वाचता येत नाही, दंड बसतो.

आणि रंगनाथ पठाऱ्यांच्या 'सातपाटील कुलवृत्तांत'बद्दल कोणी बोललं नाही. मैत्रीण म्हणाली त्यात अल्लाउद्दीन खिलजीपासून एका घराण्याच्या पिढ्या आहेत. कोणी वाचलीये का? यात बसेल का?

वऱ्हाडी_ठेचा
वाचलीये. बसणार नाही, उलट तुमची यादीच तिच्यात बसेल. ७०० वर्षांचा पट आहे, राजे मागे कुठेतरी, पुढे शेतकरी मराठा घराणं, कोण कुठून आलं, कोणाशी सोयरीक झाली, जात म्हणजे नेमकं काय, असले प्रश्न. जाड आहे भयंकर, झोपून वाचाल तर नाकावर पडेल. १८१८ संपलं की घ्या.

ठाणेवैभवी
सांजवात, 'झेप' कुठे गेली तुमच्या बेतातून?? मोतद्दाराचं गाणं एवढं टाइप केलं मी.

सांजवात
'मंत्रावेगळा'नंतर 'झेप', लिहायची राहिली. रविवारी ठाण्याला नणंदेकडे येतेच आहे, ती भिंत दाखवाल का?

ठाणेवैभवी
दाखवते की. फोटो मात्र काढू देत नाहीत तिथे, तुरुंग आहे तो.